अख्ख्या शाळेने सुट्टीत एकच पुस्तक वाचायचं : अनुभव आणि सल्ला हवा आहे

भांडुपकरीण | २ एप्रिल, रात्री ११:१०

नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे. शाळा मराठी माध्यमाची, सेमी-इंग्लिश, भांडुपमधलीच. यंदा मी पालक-शिक्षक संघात आहे. परवाच्या सभेत मी एक विषय मांडला, तर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "लेखी आणा, मग बघू." म्हणून लिहायच्या आधी इथे विचारतेय.

गेल्या वर्षीचं सांगते. सुट्टी लागताना मुलांना कागद मिळाला होता. पाच पुस्तकं वाचा, प्रत्येकाचा एक पानी सारांश लिहा, लेखकाचा फोटो चिकटवा, शाळा उघडली की वही जमा करा. माझ्या मुलीची दोन पुस्तकं वाचून झाली, तीही आवडीने. १२ जूनच्या रात्री ती उरलेल्या तिन्हींचे सारांश मैत्रिणीच्या वहीवरून उतरवत बसली होती. मैत्रिणीने ते मोठ्या बहिणीच्या जुन्या वहीतून घेतले होते. त्यातलं एक पुस्तक दोघींनी हातातसुद्धा धरलेलं नव्हतं. नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात लेखकांच्या फोटोंची छापील पानं मिळतात, ती मी स्वतः रांगेत उभी राहून आणली. वहीवर लाल शाईने "उत्तम" आलं. ती वही तिने मला दाखवली नाही, दप्तर आवरताना सापडली. विचारलं तर म्हणाली, "आई, बाईंनी पण नाही वाचलेलं ते पुस्तक."

ते वाक्य वर्षभर माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

माझं म्हणणं असं आहे, की पाच नकोत, एकच पुस्तक द्या, पण ते सगळ्यांनी वाचायचं. पाचवी ते नववीची मुलं, सगळे शिक्षक, मुख्याध्यापिका, ऑफिसातले क्लार्क, शिपाईमामा, मावशी आणि ज्यांना जमेल ते पालक. वही नाही, मार्क नाहीत. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात वर्ग मोडून, पाचवी ते नववी सरमिसळ करून, दहा-बारा जणांचे गट करायचे आणि त्या पुस्तकावर नुसत्या गप्पा मारायच्या.

अडचणी मला दिसतायत. पुस्तक कोणतं, जे पाचवीच्या मुलालाही झेपेल आणि नववीच्या मुलाला बाळबोध वाटणार नाही? एवढ्या प्रती कुठून आणायच्या? आणि अर्धी शाळा तर मे महिन्यात कोकणात असते.

कोणी असं केलंय का?

निळी_शाई | ३ एप्रिल, सकाळी ८:०५

छान धागा. शाळेत नाही, पण गावपातळीवर हे झालेलं आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात १९९८ साली नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल बाईंनी सगळ्या शहराने एकच पुस्तक वाचावं असा उपक्रम सुरू केला. २००१ साली शिकागोने तो उचलला आणि नंतर इतर अनेक गावांनी. तिकडच्या कित्येक शाळा-कॉलेजांत सुट्टीसाठी सामायिक पुस्तक देतात, ती कल्पना याच्याच जवळची. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी बोलायला विषय मिळावा, इतकी साधी गोष्ट होती ती. तुमच्या सरमिसळ गटांमागेही तेच आहे. पाचवीचा मुलगा एरवी नववीच्या मुलाशी काय बोलणार?

बोरीवली_फास्ट | ३ एप्रिल, दुपारी १:३०

माझा विरोध नोंदवतो, राग मानू नका. माझा मुलगा आठवीत आहे. दहा महिने शाळा, क्लास, पुन्हा शाळेचा अभ्यास. सुट्टीतले सहा आठवडे तेवढे त्याचे आहेत. सकाळी सातला खाली क्रिकेट खेळायला जातो, ऊन चढलं की वर येतो, पंख्याखाली लोळतो. त्याला लोळू द्या. शाळेने दिलेलं पुस्तक हे शाळेचंच काम असतं, मार्क असोत नसोत. मला वाचनाची गोडी लागली ती वडिलांच्या कपाटातलं, मला मनाई असलेलं पुस्तक चोरून वाचताना. 'वाचा' म्हणून कोणी सांगितलं असतं तर मी ते उघडलंही नसतं.

खडू_फळा | ३ एप्रिल, रात्री ९:४८

भांडुपकरीणताई, मी निवृत्त शिक्षक. लालबाग-परळ भागातल्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. तुमची कल्पना करण्यासारखी आहे. पण एक गोष्ट केली नाहीत तर ती कागदावरच राहील.

पुस्तक सुट्टीत सुरू होता कामा नये. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षा झालेली असते, पेपर तपासणं चालू असतं, वर्गात कोणी शिकवत नाही आणि मुलं गोंधळ घालतात. हेच दिवस धरा. प्रत्येक वर्गात रोज एक तास शिक्षकांनी मोठ्याने वाचायचं. पहिली तीन-चार प्रकरणं झाली पाहिजेत. आणि तास संपताना पुढे काय होणार हे मुलांना कळता कामा नये.

८२च्या संपानंतरची गोष्ट सांगतो. गिरणीत वडिलांचं काम गेलेली कितीतरी मुलं माझ्या वर्गात होती. एक मुलगा संध्याकाळी आईबरोबर वडापावच्या गाडीवर उभा राहायचा. त्याला घरी पुस्तक उघडायला ना वेळ, ना दिवा. मी ऑफ तासाला एक गोष्ट क्रमशः वाचत होतो. एका शनिवारी ती अशा जागी थांबली की त्यातला पोरगा पुरात अडकलेला. शाळा सुटल्यावर हा शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभा. आत यायचं धाडस नाही. "सर, तेवढं सांगा, घरी पोचतो ना तो?" मी सांगितलं नाही. सोमवारी तो घंटेच्या आधी वर्गात होता. तोवर सोमवारी तो कधी वेळेवर आलेला नव्हता.

बोरीवली_फास्ट, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, निम्मं. वडिलांचं कपाट होतं म्हणून तुम्ही चोरून वाचलंत. ज्याच्या घरी कपाटच नाही त्याने काय चोरायचं?

आणि हो, शिक्षकांच्या हातात प्रत सर्वांत आधी. वीस एप्रिलच्या आत.

निळी_शाई | ४ एप्रिल, सकाळी ७:५०

खडू_फळा सरांच्या मुद्द्याला जोडून. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली अमेरिकेतले ३९ अभ्यास एकत्र तपासले होते. लांब सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभराच्या अभ्यासाइतकी मागे पडलेली दिसली, गणितात जास्त. वाचनात मात्र फाटा फुटतो. मध्यमवर्गीय घरातली मुलं सुट्टीत थोडी पुढे सरकतात, गरीब घरातली मागे जातात. हे मोजायच्या पद्धतीवर नंतरच्या संशोधकांनी शंका घेतल्या आहेत, आणि तिकडची सुट्टी आपल्यापेक्षा लांब असते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पण घरात पुस्तक असणं-नसणं, हा फरक आपल्याकडेही डोळ्यांना दिसतोच.

कपाट_क्रमांक_तीन | ४ एप्रिल, रात्री १०:१५

शाळेत ग्रंथपाल आहे, एकोणीस वर्षं झाली. आतली गोष्ट सांगते.

शाळांमधली पुस्तकांची कपाटं कुलुपात का असतात? ग्रंथपाल दुष्ट असतात म्हणून नाही. दरवर्षी पडताळणी असते. दाखल नोंदवहीतला प्रत्येक क्रमांक कपाटात दिसावा लागतो. पुस्तक गहाळ झालं की खुलासा लिहा, किंमत भरा. मग माणूस काय करतो? देतच नाही. आणि मे महिन्यात, जेव्हा मुलांकडे खरा वेळ असतो, तेव्हा एप्रिलमध्येच सगळी पुस्तकं परत मागवून कपाटं बंद झालेली असतात. शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे. प्रत्येक शाळेत वाचनालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं त्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे. कायद्याने पुस्तकं शाळेपर्यंत आली, मुलांच्या हातात ती आपल्याला द्यायची आहेत.

म्हणून पहिला सल्ला : या उपक्रमाच्या प्रती शाळेच्या दाखल नोंदवहीत चढवूच नका. पालक-शिक्षक संघाच्या म्हणून वेगळी साधी वही ठेवा. हरवल्या तर हरवल्या, असं सभेत आधीच ठरवून घ्या.

दुसरा : कोणीतरी पुस्तकाची पीडीएफ काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकेल. टाकू देऊ नका. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. पैसे अगदीच नसतील तर ही मुदत संपलेलं पुस्तक घ्या. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे 'श्यामची आई' २०११ पासून सर्वांसाठी मोकळं आहे. ते कोणीही छापू शकतं, आणि म्हणून स्वस्त आवृत्त्या मिळतात.

तिसरा : वर्गात न दिसणारं मूल असेल तर विसरू नका. वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडे बोलक्या पुस्तकांचं काम जुनं आहे, आधी त्यांना विचारा. अशा मुलांसाठी ध्वनिमुद्रण किंवा ब्रेल करायला २०१२च्या दुरुस्तीने कायद्यात सूट आहे.

सुट्टीत आणखी वाचावंसं वाटणाऱ्यांसाठी : बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी गोष्टी आहेत, त्याही फुकट आणि छापून घ्यायला मोकळ्या. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात, पण एकाच पुस्तकाच्या पन्नास प्रती तिथे मिळणार नाहीत.

मधली_सुट्टी | ५ एप्रिल, दुपारी ४:२०

पुस्तक म्हणून 'तोत्तोचान' सुचवते. तेत्सुको कुरोयानागी यांनी स्वतःच्या लहानपणाबद्दल लिहिलेलं, जपानीत १९८१ साली आलेलं. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली मुलगी, आणि रेल्वेच्या जुन्या डब्यांत वर्ग भरणारी तिची नवी शाळा. मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टचा आहे. ती सरकारी संस्था, त्यामुळे किंमत परवडते. प्रकरणं दोन-तीन पानांची, पाचवीच्या मुलाला दम लागत नाही.

आमच्यासारख्यांसाठी आणखी एक सोय. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात. मराठी सक्तीचा कायदा २०२० साली झाला, शाळेत मराठी आहे, पण ती अक्षर अक्षर लावून वाचते आणि दोन पानांत कंटाळते. हे पुस्तक इंग्रजीत आहे, हिंदीतही आहे. घरात तिघांनी तीन भाषांत वाचलं तरी गप्पा एकाच भाषेत होतात.

बोरीवली_फास्ट | ५ एप्रिल, संध्याकाळी ७:०२

जपानी शाळेची गोष्ट कशाला? आपल्या मातीतलं पुस्तक का नको? 'बनगरवाडी' घ्या. माडगूळकरांचं, १९५५ चं. धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला आलेला कोवळा मास्तर. शाळेवरचंच आहे की तेही.

खडू_फळा | ५ एप्रिल, रात्री ९:३०

'बनगरवाडी' मी नववीला अनेकदा वाचून दाखवलं आहे. शेवटी दुष्काळात वस्ती ओस पडते, ते वाचताना माझाच आवाज लागायचा नाही. पण पाचवीच्या मुलाला त्यातली माणदेशी बोली आणि ते एकटेपण पेलणार नाही. नववीसाठी जरूर. सगळ्यांसाठी एकच घ्यायचं तर माझं मत 'तोत्तोचान'ला. शिवाय मुंबईच्या मुलाला डब्यात भरणारी शाळा म्हटल्यावर वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

मधली_सुट्टी | ५ एप्रिल, रात्री ९:४१

+१. आणि त्या पुस्तकात जेवणाचा डबाही आहेच.

भांडुपकरीण | १३ एप्रिल, रात्री १२:०५

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात सभा झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी कागद पूर्ण वाचला. म्हणाल्या, "मार्क नाहीत म्हटल्यावर कोण वाचणार?" मी मुलीचं ते वाक्य त्यांना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "माझी प्रत कधी देताय?"

'तोत्तोचान' ठरलं. पाचवी ते नववीची ३३६ मुलं आहेत. प्रत्येकाला एक प्रत शक्य नव्हतं. त्यामुळे एक प्रत, सहा मुलं, सहा आठवडे. म्हणजे ५६ प्रती मुलांसाठी, आणि दहा शिक्षक-कर्मचाऱ्यांत फिरवायला. पैसे निम्मे पालकांकडून आले, निम्मे माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने दिले. सहा जणांचे गट वर्गावरून न करता राहण्याच्या जागेवरून केलेत. टेंभीपाड्याची मुलं एकत्र, कोकणनगरची एकत्र, गावदेवीची एकत्र. म्हणजे दर रविवारी पुस्तक पुढच्या घरी चालत जाऊन देता येईल. गावाला जाणाऱ्यांनी पहिल्या किंवा शेवटच्या आठवड्यात घ्यायचं, किंवा सोबत न्यायचं आणि गटाला राखीव प्रत मागायची.

कपाट_क्रमांक_तीन ताई, वेगळी वही केली. 'हरवल्यास भरपाई नाही' हे इतिवृत्तात लिहून घेतलं. प्रत्येक प्रतीला खाकी कव्हर घातलं आणि मागच्या आतल्या पानावर कागद चिकटवला. नाव, वस्ती, पुस्तक मिळाल्याची तारीख. काल रात्री आम्ही पाच जणी आणि दोन बाबा कव्हरं घालत बसलो होतो. त्यातल्या एका ताईंनी हातातलं पुस्तक उघडलं आणि अर्धा तास त्यांनी एकही कव्हर घातलं नाही. कोणी त्यांना हाक मारली नाही.

उजळणी | १४ एप्रिल, दुपारी ३:१५

मी या वर्षी दहावीत जाणार. आमच्या शाळेत असलं काही नाही, पण विचारावंसं वाटलं. दहावीला का वगळलं? आमची व्हेकेशन बॅच सुरू झाली आहे, सकाळी साडेसात ते साडेअकरा. सगळे म्हणतात, दहावी म्हणजे बाकी सगळं बंद. पण दुपारी मी रिकामीच असते आणि मोबाईल बघते.

भांडुपकरीण | १४ एप्रिल, संध्याकाळी ६:४०

उजळणी, तुझा प्रश्न मी उद्या शाळेत तसाच्या तसा वाचून दाखवणार आहे. आम्ही दहावीला न विचारताच वगळलं, चूक झाली.

भांडुपकरीण | २९ एप्रिल, रात्री १०:२२

धागा वर काढते. दहावीत जाणाऱ्या मुलांना विचारलं. अकरा जणांनी नावं दिली, शिक्षकांच्या दहातल्या दोन प्रती त्यांच्याकडे गेल्या. जूनमध्ये एकेका गटाला ती मदतीला बसणार आहेत.

खडू_फळा सरांनी सांगितल्याप्रमाणे आठवडाभर वर्गात वाचन झालं. मुलगी रोज घरी येऊन प्रकरण सांगते. नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तोत्तोचानला पहिल्या दिवशी समोर बसवून चार तास तिचं बोलणं ऐकून घेतलं, ते तिने मला, बाबांना आणि खालच्या आजींना असं तीनदा सांगितलं. एका वर्गात मात्र वाचून झाल्यावर फळ्यावर दहा प्रश्न लिहून दिले गेले. मी जाऊन बोलले. पुसले, पण मुलांनी उतरवून घेतल्यावर.

काजूबोंड | ११ मे, रात्री ८:५०

मी या धाग्यावर नुसती वाचत होते. आज लिहायलाच हवं. मी देवरुखची. लेक भांडुपला दिली आहे. परवा नातू आला, सहावीतला. पिशवीतून खाकी कव्हराचं पुस्तक काढलं. मागे चिकटवलेला कागद बघितला आणि म्हटलं, अगोबाई, हे तर आपल्या भांडुपकरीणचं!

दोन दिवस वीज नव्हती. मोबाईलला रेंज आमच्याकडे तशीही मागच्या बांधावर उभं राहिलं तरच. मग संध्याकाळी ओटीवर नातू वाचतो, आम्ही ऐकतो. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, त्यांना वाटतं जपान म्हणजे रत्नागिरीच्या पलीकडे कुठेतरी. शेजारची मुलगी, आठवीतली, गडग्यावर बसून ऐकते. काल नातू लवकर झोपला, तर ती म्हणाली, "काकू, मी वाचू का पुढचं?"

त्यात शाळेतल्या डब्याचं प्रकरण आहे. मुख्याध्यापक मुलांना सांगतात, डब्यात रोज काहीतरी समुद्राचं आणि काहीतरी डोंगराचं असू दे. ज्याच्या डब्यात त्यातलं एक नसेल, त्याला मुख्याध्यापकांची बायको हातातल्या दोन भांड्यांमधून वाढते. आज दुपारी मी पानात कुयरीची भाजी वाढली, म्हणजे कोवळ्या फणसाची, आणि सुकटीची चटणी. नातवाने पानाकडे बघितलं आणि म्हणाला, "आजी, डोंगराचं झालं, समुद्राचं झालं." सासूबाई म्हणाल्या, "आमच्या शाळेत हे कोणी विचारलं नाही, पण डबा हाच असायचा."

शाळा उघडेल त्या दिवशी मुलांना असाच डबा आणायला सांगा ना.

कपाट_क्रमांक_तीन | ११ मे, रात्री ९:१०

भांडुपकरीणताई, हे कराच.

बोरीवली_फास्ट | २५ मे, रात्री ११:३३

माझ्या मुलाच्या शाळेचा याच्याशी संबंध नाही. पण इथलं वाचून मी दादरहून एक प्रत आणली आणि कोणालाही काही न सांगता टीव्हीच्या खाली ठेवली. चौथ्या दिवशी तिथून गायब झाली. काल रात्री विचारलं तर म्हणाला, "बाबा, तुम्ही वाचलंत का? मग मला बोलता येत नाही, आधी वाचा." आता माझी पन्नास पानं झाली आहेत. माणसं चर्चगेट लोकलमध्ये पुस्तक काढत नाहीत हल्ली, मी सकाळच्या ८:१७ ला काढतो.

भांडुपकरीण | २० जून, रात्री ११:५५

शाळा सोमवारी उघडली. आज शनिवार, आठवडा झाला. सगळं लिहिते, लांबण लागली तरी चालेल ना?

आधी जे जमलं नाही ते. आठवीच्या एका तुकडीतल्या बऱ्याच मुलांनी पुस्तक उघडलंच नाही. दोन वस्त्यांत रविवारी पुढच्या घरी द्यायचं कोणी लक्षात ठेवलं नाही, एकाच घरी चार आठवडे पडून राहिलं आणि त्या गटातल्या तिघांना मिळालंच नाही. हे आम्हा मोठ्यांचं काम होतं, प्रत्येक वस्तीला एक पालक नेमायला हवा होता. तरी ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनाही गटात बसवलं. त्यातल्या एकाने तिसऱ्या दिवशी मैत्रिणीची प्रत मागून घेतली.

आता डबा. बुधवारी ठरला होता. बाहेर धो धो पाऊस, पहिल्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात मुलं समोरासमोर दोन रांगांत बसली. सुके बोंबील, कोलंबीचं लोणचं, जवळा, फणसाचे गरे, करवंदाचं लोणचं, नाचणीची भाकरी. डोंगराचं म्हणून एकाने शेवग्याच्या शेंगा आणल्या, त्यावर वाद झाला. त्याहून मोठा वाद ओल्या नारळाच्या वडीवर. नारळ समुद्राचा की डोंगराचा? पाचवीचा मुलगा म्हणे, किनाऱ्यावर उगवतो म्हणजे समुद्राचा. नववीतली मुलगी म्हणे, मग आंबापण समुद्राचा का? शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी वडी खाऊन टाकली.

एक मुलगी गप्प बसली होती, डबा न उघडता. घर माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, मासळीचा प्रश्नच नाही. आमच्या मावशी दोन पातेली घेऊन फिरत होत्या. एकात सुकटीची चटणी आणि दुसऱ्यात उकडलेली रताळी. हिला समुद्राचं काय वाढायचं हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मावशी तिच्यापुढे थबकल्या. तेवढ्यात तिने डबा उघडला. भाकरी, पिठलं आणि कोपऱ्यात कागदाची एक छोटी पुडी. पुडीत खडे मीठ. म्हणाली, "बाबांनी सांगितलं, हायवेच्या पलीकडे आपल्या भांडुपची मिठागरं आहेत. मीठ समुद्राचंच असतं." मग आजूबाजूच्या प्रत्येकाने तिच्या पुडीतला एकेक खडा घेतला. मीही घेतला.

गटांमधलं एक सांगते. शिपाईमामांचा गट मी दारातून ऐकत होते. पुस्तकात पोलिओ झालेला एक मुलगा आहे, यासुआकी, ज्याला कधी झाडावर चढता आलेलं नाही. तोत्तोचान शाळेतल्या शिपायाच्या खोलीतून शिडी ओढत आणते आणि कोणाला न सांगता त्याला झाडावर घेते. मामा म्हणाले, "शाळेची शिडी माझ्या ताब्यात असते. मी दिली नसती." गटात एकदम गलका. मुलं म्हणाली, मामा, मग तो कधीच चढला नसता. मामा म्हणाले, "आणि पडला असता तर? त्याच्या आईला कोण सांगणार, तुम्ही की मी?" अख्खा तास यावर गेला. दहावीची मुलगी मदतनीस म्हणून बसली होती, तिने विचारलं, "मामा, तुम्ही शिडी धरून उभे राहिला असतात तर?" मामा लगेच काही बोलले नाहीत. घंटा झाल्यावर मुलं उठली, तरी ते तसेच बसून होते. मग म्हणाले, "धरून उभा राहिलो असतो. पण मला विचारायला हवं होतं."

आणि माझ्या घरचं. सोमवारी मुलगी घरी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, बाईंनी वाचलंय." मी म्हटलं, तुला कसं कळलं? म्हणाली, "मी मुद्दाम विचारलं, रेल्वेचा नवा डबा शाळेत येणार होता तेव्हा मुलं काय घेऊन शाळेत झोपायला आली होती? बाई लगेच म्हणाल्या, पायजमे आणि पांघरुणं."

खडू_फळा | २१ जून, सकाळी ६:३०

मामांचं वाक्य दोनदा वाचलं. पुढच्या वर्षी मला एक गट द्या. भांडुपला येईन, लालबागहून फार लांब नाही.

कपाट_क्रमांक_तीन | २१ जून, सकाळी ९:१२

परत किती आल्या? आणि मी आमच्या मुख्याध्यापकांना तुमच्या वेगळ्या वहीचा फोटो दाखवू का? दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे करून बघायचं म्हणतेय.

भांडुपकरीण | २१ जून, सकाळी १०:४०

जरूर दाखवा. सर, तुमचं नाव वहीत लिहिलं.

६६ पैकी ५९ आल्या. एकीच्या पानांना आमरस लागलाय, एकीला फणसाचा चीक, तिची दोन पानं सुटता सुटत नव्हती, खोबरेल लावून सोडवली. सात अजून बाहेर आहेत. त्यांपैकी एक देवरुखला असावी असा संशय आहे.

काजूबोंड | २१ जून, रात्री ८:१५

हो, इथेच आहे. नातू न्यायला विसरला नाही, शेजारच्या मुलीने मागून घेतली. तिचं वाचून झालं, आता तिच्या वर्गातली एक वाचते आहे. मागच्या कागदावर नावांना जागा संपली म्हणून मी खाली दुसरा चिकटवलाय. गणपतीला लेक येईल, तिच्याबरोबर पाठवू की राहू दे?

भांडुपकरीण | २१ जून, रात्री ८:१९

राहू दे. फक्त शेवटी कागदाचा फोटो पाठवा.